चलन आणि वचन

साहित्याच्या अध्यापकांनी अर्थशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकावे काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. परंतु चलनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी शब्दावरील विश्वासाचा इतिहास असल्याने आम्ही हे धाडस करीत आहोत.

१९८७च्या मध्यास न्यूझीलंडमधील चलनवाढ सुमारे १९ टक्क्यांवर पोहोचली होती. १ एप्रिल १९८८ रोजी अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत ती शून्य ते एक टक्क्याच्या आसपास आणण्याचा मनोदय बोलून दाखविला. सहज उच्चारलेल्या या आकड्यातून एक धोरण जन्मास आले. १९८९च्या कायद्याने तेथील रिझर्व्ह बँकेस भावस्थैर्य हे एकमेव उद्दिष्ट दिले, आणि मार्च १९९०मध्ये शून्य ते दोन टक्के हे लक्ष्य लेखी करारात नोंदले गेले.

यामागील तर्क साधा आहे. उद्या भाव चढणार अशी धास्ती असली की कामगार आजच अधिक वेतन मागतो आणि व्यापारी आजच भाव वाढवितो. बँकेच्या वचनावर विश्वास बसला तर ही धास्ती ओसरते आणि व्याजदराचा आसूड कमी उगारावा लागतो. १९९१च्या अखेरीस भाववाढ लक्ष्याच्या आत आली. परंतु हा विश्वास फुकट मिळाला नाही. त्याच सुमारास बेकारी दहा टक्क्यांवर गेली होती; सर्व दोष या धोरणाचा नसला, तरी झळ श्रमिकांनाच लागली.

शिवाय बाजारहाटाचे भाव स्थिर म्हणजे अर्थव्यवस्था स्थिर, हे समीकरणही अपुरे ठरले. घरांच्या आणि समभागांच्या किमतींचा फुगा या मोजपट्टीत दिसत नाही, हे २००८च्या अरिष्टाने दाखवून दिले. न्यूझीलंडनेच २०१८मध्ये रोजगाराचे उद्दिष्ट कायद्यात घातले आणि २०२३मध्ये ते पुन्हा काढले. स्थैर्य नेमके कोणाचे, हा वाद तेथेही मिटला नाही.

भारताने २०१६मध्ये हीच वाट धरली: लक्ष्य चार टक्के, दोन्ही बाजूंस दोन टक्क्यांची सवलत. २०२२मध्ये सलग तीन तिमाह्या ही मर्यादा ओलांडली गेली, तेव्हा कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेने सरकारला लेखी कारणे कळविली; तो अहवाल मात्र तेव्हा जनतेसमोर आला नाही. आमच्या मते प्रश्न येथेच आहे. वचन जाहीरपणे दिले असेल, तर ते मोडल्याचे कारणही जाहीरपणेच सांगितले पाहिजे.