तेलगिरण्यांचें सांडपाणी आणि मलेशियांतील नद्या

नदी केवळ विषानेंच मरते असें नाहीं. अति अन्नानेंही ती मरते. मलेशियांतील पामतेलाच्या गिरण्यांचा इतिहास हीच गोष्ट शिकवितो.

सेलांगोर प्रांतांत १९१७ सालीं तेलमाडाची पहिली व्यापारी लागवड झाली. पुढें रबराचे भाव घसरूं लागले, तेव्हां १९६० नंतर सरकारनें या पिकास उत्तेजन दिलें आणि गिरण्या झपाट्यानें वाढल्या. फळांचे घोस वाफेनें शिजवून गरम पाण्याच्या साह्यानें तेल वेगळें केलें जातें. एक टन तेलामागें सुमारें अडीच टन सांडपाणी निघतें. तें तपकिरी, आंबट आणि कढत असतें. त्यांत विषारी रसायन नसतें. असतो तो फळांचा गर, तंतु आणि उरलेलें तेल. परंतु तें कुजवितांना जंतु पाण्यांतील प्राणवायु शोषून घेतात. अशा एका लिटर सांडपाण्याची प्राणवायूची भूक सुमारें २५,००० मिलिग्रॅम. उलट नदीच्या एका लिटर पाण्यांत तो जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. मग मासे गुदमरावे आणि कोळ्याचें जाळें रिकामें यावें, यांत नवल तें काय?

गिरण्या बंद कराव्या, तर असंख्य कुटुंबांची उपजीविका जाते. १९७४ चा पर्यावरणविषयक कायदा आणि १९७७ चे गिरण्यांसंबंधींचे नियम यांनीं मधला मार्ग काढला. १ जुलै १९७८ पासून लिटरमागें ५,००० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली. ती पायरीपायरीनें उतरवीत १९८४ सालीं १०० वर आणावयाची होती. परवान्याचें शुल्कही सोडलेल्या घाणीच्या मानानें आकारलें जाई.

मुदत मिळाली, परंतु उपाय? तो निसर्गापाशींच होता. जें काम जंतु नदींत करीत, तेंच त्यांजकडून आधीं तळ्यांत करवून घ्यावयाचें. कढत पाणी प्रथम निववितात. मग खोल तळ्यांत प्राणवायूशिवाय जगणारे जंतु त्यांतील बहुतेक द्रव्य पचवितात. शेवटीं उथळ तळ्यांत हवा व सूर्यप्रकाश यांच्या साह्यानें उरलेलें काम पुरें होतें. यास कित्येक आठवडे आणि पुष्कळ जमीन लागते. यंत्रें मात्र थोडीं. तेलाचें उत्पादन वाढत असतांही नद्यांवरील भार उतरला तो या युक्तीनें.

परंतु हिशेब येथें संपला नाहीं. खोल तळ्यांतील जंतु मिथेन वायु सोडीत आणि तो आकाशांत जाई. पृथ्वीचें उष्णतामान वाढविण्यांत त्याचा वांटा मोठा. तो वायु धरून ठेवण्याची सक्ति नव्या गिरण्यांवर झाली ती २०१४ सालीं. नदीचें ऋण बरेंचसें फिटलें. आकाशाचें फेडण्यास मात्र आणखी तीस वर्षें लोटावीं लागलीं.