पानिपतानंतरचा आसरा : जाट कर्तृत्वाची एक ओळख

आळंदपासून उदगीरचे अंतर फारसे नाही, आणि पानिपत तर शेकडो कोस उत्तरेस. तरीही ही दोन नावे इतिहासाने एकाच वर्षाच्या आत एकमेकांना जोडली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि साठ लाखांचा मुलूख पेशव्यांच्या पदरात पडला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत परतूडच्या मुक्कामातून हीच विजयी फौज हिंदुस्थानच्या वाटेला लागली. बीदर, उदगीर, नळदुर्ग या टापूतील वाचकाला पानिपताची कथा परकी वाटत नाही, ती यामुळेच. मात्र त्या कथेतील एक पुरुष आपल्या वाचनात नेहमी अर्धाच राहिला आहे. तो म्हणजे भरतपूरचा राजा सूरजमल जाट.

आपल्याकडे 'जत' म्हटले की डफळ्यांचे संस्थान डोळ्यांसमोर येते. 'जाट' हा शब्द त्याहून सर्वस्वी निराळा. दिल्ली, आग्रा, मथुरा या प्रदेशांत, हरियाणा आणि पंजाबात, तसेच राजस्थानच्या काही भागांत पसरलेला हा शेतकरी समाज. नांगर आणि तलवार या दोहोंवर त्याचा सारखाच हात. या समाजात जन्मलेल्या कर्त्या पुरुषांची मालिका पाहू गेल्यास तिचे धागे दक्षिणेशी किती वेळा गुंतले आहेत, हे लक्षात येते.

तिलपतचा गोकुळ, सिनसिनीचा राजाराम

या मालिकेतील पहिले ठळक नाव तिलपतचा जमीनदार गोकुळ याचे. १६६९ मध्ये मथुरेच्या परिसरातील शेतकऱ्यांनी बादशाही अंमलाविरुद्ध उठाव केला, त्याचे नेतृत्व त्याने केले. त्या लढ्यात मथुरेचा फौजदार अब्दुन्नबी मारला गेला. अखेरीस गोकुळ पकडला गेला आणि १६७० च्या आरंभी आग्र्यास त्याला देहांताची शिक्षा झाली. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याला तेव्हा जेमतेम तीन-साडेतीन वर्षे झाली होती. उत्तरेतील शेतकरी आणि सह्याद्रीतील मावळा यांनी एकमेकांना पाहिलेही नव्हते, पण एकाच सत्तेला ते दोन टोकांवरून हादरे देत होते.

पुढे १६८१ च्या सुमारास औरंगजेब दक्षिणेत उतरला आणि परत उत्तरेस गेलाच नाही. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतल्यानंतरही मराठ्यांशी त्याचे युद्ध संपले नाही. मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीस त्याची छावणी कित्येक वर्षे पडून होती. बादशहा असा दक्षिणेत अडकलेला असताना आग्र्याहून दक्षिणेकडे येणाऱ्या मार्गावर सिनसिनीच्या जाटांनी धुमाकूळ घातला. त्यांचा नेता राजाराम याने १६८८ मध्ये सिकंदऱ्यास अकबराची कबर लुटली. त्याच वर्षी तो लढाईत पडला, परंतु चळवळ थांबली नाही. चुडामण आणि पुढे बदनसिंह यांनी तिला राज्याचे रूप दिले. दक्षिणेतील मराठ्यांच्या चिवटपणाने उत्तरेत जाटांना श्वास घेण्यास अवकाश मिळाला, आणि जाटांच्या उपद्रवाने दक्षिणेतील बादशाही फौजेची रसद आणि खजिना जाच सोसत राहिले. कोणताही करार नसता घडलेले हे परस्परसाहाय्य होते.

बीदर आणि हस्तिनापूर

दुसरा धागा युद्धाचा नसून श्रद्धेचा आहे. १६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंहांनी खालसा पंथाची स्थापना केली, तेव्हा शीर देण्यास पुढे आलेले पाच जण 'पंजप्यारे' म्हणून वंदनीय ठरले. शीख परंपरेनुसार त्यांपैकी भाई धरमसिंह हे हस्तिनापूरचे जाट, तर भाई साहिबसिंह हे बीदरचे नाभिक. गुरू नानकांच्या आगमनाने पावन झालेला झिरा बीदरकरांना ठाऊक आहेच, परंतु बीदरचा सुपुत्र आणि गंगाकाठचा जाट एका पंगतीस बसून एकाच कटोऱ्यातील अमृत प्याले, हे तितकेसे सांगितले जात नाही. भाई धरमसिंह पुढे भाई दयासिंहांसह गुरूंचे 'जफरनामा' हे पत्र घेऊन औरंगजेबाकडे अहमदनगरास आले, आणि परंपरा सांगते की अखेरीस त्यांनी गुरूंच्या सान्निध्यात गोदाकाठी नांदेडला देह ठेवला.

सूरजमल : शत्रू की मित्र?

बदनसिंहाचा पुत्र म्हणून ओळखला जाणारा सूरजमल १७०७ मध्ये, म्हणजे औरंगजेबाच्या मृत्यूच्या वर्षी जन्मला. पित्याच्या हयातीतच कारभार आणि सेनापतित्व त्याच्या हाती आले होते. डीग, कुम्हेर आणि भरतपूर येथील किल्ले, डीगचे जलमहाल आणि भरलेला खजिना ही त्याच्या कर्तबगारीची साक्ष होय. भरतपूरच्या तटाचे वैशिष्ट्य असे की तो मातीचा. तोफेचा गोळा दगडी भिंत फोडतो, पण मातीच्या जाड तटात रुतून बसतो.

मराठ्यांशी त्याचा पहिला मोठा प्रसंग मैत्रीचा नव्हता. १७५४ मध्ये रघुनाथराव, मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांनी कुम्हेरच्या किल्ल्यास वेढा घातला. मार्च महिन्यात किल्ल्यावरून आलेल्या तोफेच्या माऱ्यात मल्हाररावांचा एकुलता एक पुत्र आणि अहिल्याबाईंचा पती खंडेराव मारला गेला. मल्हाररावांच्या संतापास पारावार राहिला नाही. तरीही किल्ला पडेना. अखेर तीस लाखांच्या खंडणीवर तह झाला आणि वेढा उठला. खंडेरावांची छत्री कुम्हेरजवळ आहे. सात वर्षांनंतरच्या घटना समजून घेताना हा वेढा विसरून चालत नाही, कारण पुढे ज्याने मराठ्यांना आसरा दिला त्याच्या दारात मराठ्यांनी एकदा तोफा डागल्या होत्या.

१७६० च्या उन्हाळ्यात भाऊ चंबळ ओलांडून आले, तेव्हा सूरजमल त्यांना येऊन मिळाला. त्याच्या सुरक्षिततेची हमी होळकर-शिंद्यांनी घेतली होती. त्याने भाऊंना दिलेला सल्ला प्रसिद्ध आहे. बायकामुले, यात्रेकरू, जड सामान आणि अवजड तोफा ग्वाल्हेर-झाशीकडे किंवा आपल्या किल्ल्यांत ठेवाव्यात; सड्या स्वारांनिशी शत्रूची रसद तोडावी; पावसाळा आणि उष्मा यांना कंटाळून अब्दाली आपोआप परत जाईल. मल्हाररावांचेही मत याहून फारसे वेगळे नव्हते. मराठ्यांची जुनी युद्धपद्धती तीच होती.

भाऊंनी हा सल्ला मानला नाही, त्याचे एक कारण उदगीरला शोधावे लागते. पूर्वी निजामाच्या चाकरीत असलेला इब्राहीमखान गारदी आता भाऊंच्या पदरी होता, आणि कवायती पलटणी व तोफखाना यांचा प्रभाव भाऊंनी उदगीरच्या मोहिमेत प्रत्यक्ष पाहिला होता. ज्या साधनाने निजामाची खोड मोडली त्याच साधनाने अब्दालीही मोडेल, हा विश्वास आपल्या या परिसरात दृढ झाला. परंतु उदगीरला रसद जवळ होती, मुलूख ओळखीचा होता, आणि फौजेच्या पाठीशी हजारो बायकामुलांचे लटांबर नव्हते. हा फरक सूरजमलाने बरोबर ओळखला होता.

ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आली. पैशाची चणचण इतकी की लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे रुपेरी छत काढून नाणी पाडावी लागली. सूरजमलाला हे रुचले नाही. दिल्लीच्या कारभाराबाबत आणि गाजीउद्दीनाच्या वजिरीबाबतही त्याच्या अपेक्षा फोल ठरल्या. तो छावणी सोडून बल्लभगडाकडे निघून गेला. मराठी मनात सूरजमलाची जी प्रतिमा घर करून बसली ती या क्षणाची: ऐनवेळी सोडून गेलेला. ती सर्वस्वी खोटी नाही. त्याच्या जाण्याने मराठ्यांचा उत्तरेतील एक मोठा आधार तुटला आणि रसदीचा एक भरवशाचा मार्ग गेला. पण कथा तेथे संपत नाही.

जानेवारी १७६१

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव आणि भाऊ पडले. जे वाचले ते दक्षिणेच्या दिशेने धावत सुटले. थंडीचे दिवस, अंगावर वस्त्र नाही, पोटात अन्न नाही, मागे पाठलाग आणि वाटेत लुटारू. अशा स्थितीत हजारो माणसे मथुरेच्या बाजूने सूरजमलाच्या मुलखात शिरली.

त्या घडीला त्याच्यासमोर काय होते याचा विचार केला पाहिजे. अब्दाली विजयी होऊन दिल्लीत बसला होता आणि खंडणीसाठी सूरजमलाकडे डोळे लावून होता. पळून आलेल्यांना हाकलून देणे, निदान त्यांच्याकडे कानाडोळा करणे, हे त्याच्या हिताचे ठरले असते. कुम्हेरचा वेढा आणि दिल्लीतील मानभंग यांची आठवणही ताजी होती. तरीही सूरजमल आणि राणी किशोरी यांनी दारे उघडली. जखमींवर उपचार झाले, उपाश्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र मिळाले, आणि चालण्यासारखे झालेल्यांना बंदोबस्तात ग्वाल्हेरकडे पोचवण्यात आले. भाऊंची पत्नी पार्वतीबाई या संकटातून वाचून दक्षिणेत परतली. थोरल्या बाजीरावांचा आणि मस्तानीचा पुत्र समशेरबहादूर जखमी अवस्थेत सूरजमलाच्या मुलखात पोचला. तो वाचू शकला नाही, पण त्याचा अंत बेवारशी झाला नाही.

सूरजमल साधुपुरुष होता असे म्हणण्याचे कारण नाही. मराठ्यांची सत्ता उत्तरेत खचताच जून १७६१ मध्ये त्याने आग्र्याचा किल्ला घेतला. तो राजकारणी होता आणि स्वतःचे राज्य वाढवणे हे त्याचे काम होते. परंतु आग्रा घेणारा सूरजमल आणि जखमींना अन्न घालणारा सूरजमल एकच माणूस होय. त्याच्या एका कृत्याने दुसरे पुसले जात नाही. २५ डिसेंबर १७६३ रोजी हिंडण नदीच्या काठी नजीबखानाच्या रोहिल्यांशी लढताना तो मारला गेला. ज्या नजीबाने अब्दालीस मराठ्यांवर आणले, त्याच्याशीच लढताना सूरजमलाचा शेवट झाला.

पुढची पिढी

हा शेजारधर्म एका पुरुषापुरता राहिला नाही. सूरजमलाचा पुत्र जवाहरसिंह मराठ्यांशी कधी जुळवून तर कधी भांडून राहिला. गोहदच्या जाट राण्याने तर मराठ्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. सारे जाट मराठ्यांचे सोबती होते, असे म्हणता येत नाही. पण भरतपूरच्या गादीवरील रणजितसिंहाने दोन अवघड प्रसंगी मराठ्यांची पाठराखण केली. १७८७ मध्ये लालसोटच्या लढाईनंतर महादजी शिंद्यांचे आसन डळमळले, तेव्हा भरतपूरकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे १८०४ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रजांच्या पाठलागात सापडला आणि त्याने भरतपूरचा आश्रय घेतला. लॉर्ड लेकने जानेवारी-फेब्रुवारी १८०५ मध्ये त्या मातीच्या तटावर चार वेळा हल्ला चढवला. चारही वेळा तो परतवला गेला आणि इंग्रजांची तीन हजारांहून अधिक माणसे कामी आली अथवा जखमी झाली. शेवटी एप्रिलमध्ये रणजितसिंहास तह करून खंडणी द्यावी लागली. ज्या होळकराच्या पूर्वजाने कुम्हेरला वेढा घातला होता, त्याच होळकराच्या वंशजासाठी सूरजमलाच्या पुत्राने आपले किल्लेकोट पणास लावले.

आठवणीचा न्याय

पानिपताचे पडसाद आपल्या परिसरातही उमटले. उदगीरला मिळालेल्या मुलखाचा काही भाग लवकरच पुन्हा निजामाकडे गेला, आणि आळंदसारखी गावे पुढे १९४८ पर्यंत हैदराबादच्या अमलाखाली राहिली. इथल्या मराठी माणसाने पानिपत वाचले ते बखरींतून, सरदेसाईंच्या रियासतीतून, राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनांतून, शेजवलकरांच्या ग्रंथातून आणि अलीकडे विश्वास पाटील यांच्या कादंबरीतून. या वाचनात भाऊंचा बाणा आणि विश्वासरावांचे कोवळे वय मनात राहते. सूरजमलाचे निघून जाणेही राहते. पण परतीच्या वाटेवर त्याच्या मुलखात मिळालेली भाकरी बहुधा विसरली जाते. पराभवाच्या कथेत सोडून गेलेल्याचे नाव ध्यानात राहते, आणि हात देणारा मागे पडतो.

विसाव्या शतकात याच समाजातून पंजाबात शेतकऱ्याला सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी झटणारे सर छोटूराम आणि देशाचे पंतप्रधान झालेले चौधरी चरणसिंह पुढे आले. त्यांची चरित्रे स्वतंत्र लेखनाचा विषय आहेत. सीमाभागातील वाचकापुरते पाहायचे तर सूरजमलाचे चरित्र अधिक जवळचे. भाषेच्या आणि राज्याच्या हद्दीवर राहणाऱ्याला शेजारी म्हणजे काय, हे रोज नव्याने ठरवावे लागते. कालचा वेढा विसरून आजचा जखमी घरात घेणारा शेजारी कसा असतो, हे भरतपूरच्या त्या राजाने एका हिवाळ्यात दाखवून दिले. ग्रंथालयाच्या कपाटातील पानिपतावरचे कोणतेही पुस्तक उघडावे, त्यातील दिल्लीचे प्रकरण वाचावे आणि मग न थांबता परतीच्या वाटेचेही पान वाचावे. सूरजमलाला त्याहून अधिक न्यायाची गरज नाही.