‘टिंग’ची कूळकथा

शब्दांच्या वंशावळी धुंडाळण्याचा मला छंद आहे. त्यात उत्तर युरोपातील ‘टिंग’ हा शब्द मला फार भावला. डॅनिश भाषेत त्याचा एक अर्थ वस्तू, दुसरा सभा; लिंग तेवढे निराळे. मूळ अर्थ सभेचाच. उघड्या मैदानात जमून लोकांनी न्यायनिवाडा करावयाचा, ते ‘थिंग’. सभेपुढे जी बाब येई तिलाही तेच नाव पडले, आणि हळूहळू बाबीची वस्तू झाली. इंग्रजीने ‘थिंग’ शब्दातील वस्तू तेवढी ठेवली, सभा विसरली. उत्तरेने दोन्ही जपल्या.

आइसलंडात ९३० च्या सुमारास थिंगवेलिरच्या मैदानावर ‘अल्थिंग’, म्हणजे सर्वांची सभा, भरू लागली. १८०० साली डॅनिश राजसत्तेने ती मोडली. १८४५ मध्ये रेक्याविक येथे ती पुन्हा भरली. अधिकार सल्ल्यापुरताच, पण नाव तेच. तत्पूर्वी १८१४ मध्ये नॉर्वेने आपल्या संसदेला ‘स्टोरटिंग’, मोठी सभा, म्हटले होते. खुद्द डेन्मार्कनेही १८४९ च्या घटनेत ‘फोल्केटिंग’, लोकांची सभा, स्थापिली.

वाचकहो, पंचेचाळीस वर्षे आइसलंडात ती सभा नव्हती. तिची जागा राखून बसला होता तो हा एवढासा शब्द!