ज्वालाजीचे दोन पत्ते

ऋग्वेदाची सुरुवातच अग्नीच्या नावाने होते. यज्ञातला अग्नी माणसाने अरणी घासून पेटवायचा, तूप-समिधा घालून जपायचा. पण जिथे जमीनच पेटते, तिथे काय करायचे? हिमाचल प्रदेशात कांगडा जिल्ह्यातल्या ज्वालामुखीच्या देवळात याचे उत्तर मिळते. गाभाऱ्यात मूर्ती नाही. खडकाच्या भेगांतून नैसर्गिक वायू येतो, त्याच्या ज्वाळा जळत राहतात आणि त्या ज्वाळा हीच देवी. सतीची जीभ इथे पडली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. बादशहा जहांगीरने या ज्वाळांविषयी आत्मचरित्रात लिहिले आहे. डोंगरातल्या गंधकामुळे त्या उठत असाव्यात, असा त्याचा तर्क होता.

याच देवीचा दुसरा पत्ता फार लांबचा आहे. कास्पियन समुद्राकाठी, अझरबैजानात, बाकू शहराजवळ सुराखानी नावाचे गाव आहे. तिथेही जमिनीतून वायू येऊन आग जळत असे. सतराव्या-अठराव्या शतकांत मुलतान, सिंध, पंजाबकडचे व्यापारी आणि साधू तिथे पोचले. परमुलखातल्या त्या आगीला त्यांनी ओळखीच्याच नावाने हाक मारली, ज्वालाजी! मधे चार खांबांची वेदी, भोवती पंचकोनी आवार आणि कडेने राहण्याच्या खोल्या, असे हे ‘आतेशगाह’. मुसलमान राज्यकर्त्यांच्या मुलखात ते उभे राहिले आणि टिकले.

तिथल्या भिंतींवर शिलालेख आहेत. बहुतेक देवनागरीत, काही गुरुमुखीत, एक फारसीत. मी सुराखानीला गेलेलो नाही, छायाचित्रे तेवढी पाहिली आहेत. एका लेखात आधी गणेशाला वंदन, मग ज्वालाजीचे नाव, आणि काळ संवत 1802, म्हणजे इसवी सन 1745. आगीला ‘आतिश’ म्हणायला मी घरी शिकलो, देवनागरी शाळेत गिरवली. माझ्या या दोन्ही ठेवी तिथे एकाच आवारात नांदताना दिसल्या.

1859 साली देवळाशेजारी तेलाचा कारखाना निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूजा थांबली. भूगर्भातला वायू उपसला गेला आणि 1969 साली ती नैसर्गिक ज्योत विझली. 1975 साली तिथे संग्रहालय झाले. आज वेदीवर दिसते ती नळाने आणलेल्या गॅसची आग.

माणूस परदेशी जाताना देवाचे नाव नेतो, लिपी नेतो. जमीन काही नेता येत नाही. तीर्थ म्हणजे शेवटी ती जमीन. सुराखानीचे देऊळ कोणी पाडले नाही. त्याच्या खालची जमीन तेवढी रिकामी झाली.