राष्ट्रीय सेवा योजना, यवतमाळ जिल्हा

राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी शिक्षण चालू असतानाच गावात जाऊन काम करावे, यासाठीची केंद्र शासनाची योजना. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत ती सुरू केली. 24 सप्टेंबर हा रासेयो दिन म्हणून पाळला जातो. कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र हे तिचे बोधचिन्ह आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये प्रथम नागपूर विद्यापीठाकडे होती. 1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती त्याच्या कक्षेत आली. 2005 मध्ये या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन हा बाबांचा क्रम वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. शिबिरांत सकाळी ग्रामसफाई व संध्याकाळी प्रबोधन अशी जी आखणी असते, तिच्यावर या क्रमाचा व राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेचा ठसा स्पष्ट दिसतो. यवतमाळचे अमोलकचंद महाविद्यालय, पुसदचे फुलसिंग नाईक महाविद्यालय, वणीचे लोकमान्य टिळक महाविद्यालय, दारव्ह्याचे मुंगसाजी महाराज महाविद्यालय ही जिल्ह्यातील जुनी महाविद्यालये होत.

स्वरूप : स्वयंसेवकाने वर्षाला 120, म्हणजे दोन वर्षांत 240 तास काम करावे, अशी अट आहे. त्याशिवाय दत्तकग्रामात सात दिवसांचे निवासी विशेष शिबिर होते. प्राध्यापकांपैकी एकाकडे कार्यक्रम अधिकाऱ्याची जबाबदारी असते. खर्च पूर्वी केंद्र व राज्य 7:5 या प्रमाणात उचलत. 2016 पासून तो पूर्णपणे केंद्राकडे आहे.

शिबिरातील कामे : प्रभातफेरी, ग्रामसफाई, शोषखड्डे, वृक्षारोपण, आरोग्य तपासणी, पथनाट्य ही नेहमीची कामे. जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम वनराई बंधाऱ्याचे, म्हणजे नाल्याचे पाणी अडवणाऱ्या पोत्यांच्या तात्पुरत्या बांधाचे आहे. येथे पाऊस बरा पडतो, पण उताराच्या जमिनीवरून तो वाहून जातो, आणि कोरडवाहू कपाशीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. बंधाऱ्यासाठी सिमेंटची रिकामी पोती, सुतळी, दाभण आणि नाल्यातलीच माती-वाळू पुरते. पोते तोंडापर्यंत भरायचे नसते. थोडे रिकामे ठेवून शिवले की ते बसकट बसते आणि दोन पोत्यांमध्ये फट राहत नाही. तळाला रुंद आणि वर निमुळती होत जाणारी रास रचतात, सांधे एकावर एक येऊ देत नाहीत, आणि जास्तीचे पाणी जावे म्हणून मधला भाग किंचित खाली ठेवतात. पन्नास विद्यार्थ्यांनी साखळी धरली तर छोट्या नाल्यावरचे हे काम एका दिवसात उरकते. पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून जातो; दरवर्षी तो नव्याने घालावा लागतो.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. बंधारा पाऊस संपताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, नाला वाहता असताना घालायला हवा. शिबिरे मात्र परीक्षांच्या सोयीने बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत भरतात. तोवर अनेक नाले आटलेले असतात, आणि आटल्या नाल्यावर घातलेल्या बंधाऱ्याने पाणी अडत नाही. शिवाय याच काळात कापसाची वेचणी चालते. गाव दिवसभर वावरात असते आणि दुपारच्या कार्यक्रमाला वृद्ध व शाळकरी मुले तेवढी येतात. ज्या पथकांनी एकच गाव सलग काही वर्षे ठेवले आणि बंधाऱ्यासाठी दिवाळीच्या आगेमागे एक-दोन दिवस स्वतंत्र काढले, त्यांचेच काम गावाच्या उपयोगी पडते.

कृषिदूत व कृषिकन्या : कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थी-विद्यार्थिनी या नावांनी गावात जातात. त्यांचा हा ग्रामीण कृषी कार्यानुभव अभ्यासक्रमाचा भाग असल्याने त्याला स्वयंसेवा म्हणावे की नाही, याबाबत मतभेद आहेत. विद्यार्थी खरिपात गावात राहतात, हे मात्र रासेयोला न साधलेले आहे. जिल्ह्यातील कृषी शिक्षण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येते. वसंतराव नाईक कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय यवतमाळातच आहे. बीजप्रक्रिया, गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, निंबोळी अर्क (5 किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर भिजवून गाळायचा व पाणी घालून एकूण 100 लिटर द्रावण करायचे) यांची प्रात्यक्षिके बांधावर होतात. 2017 च्या खरिपात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामुळे हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा यांविषयीचे प्रात्यक्षिक येथे अत्यावश्यक ठरते.

समाजकार्य : सावित्री ज्योतिराव समाजकार्य महाविद्यालय, यवतमाळ. येथील विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्यही अभ्यासक्रमातच असते.

रक्तदान : सिकलसेलच्या रुग्णांना वारंवार रक्त लागते आणि विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर असल्याने महाविद्यालयीन रक्तदान शिबिरांचे मोल येथे अधिक आहे.

कोलाम पोड : केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांत कोलाम आदिवासींची पोडे (वस्त्या) आहेत. दत्तकग्राम बहुधा रस्त्यालगतचे व महाविद्यालयाजवळचे निवडले जात असल्याने पोडांकडे ही योजना कमी वळली. दत्तकग्राम निवडताना पोडांचा विचार आधी व्हायला हवा.

सद्यःस्थिती : नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमातील सहअभ्यासक्रमीय विषयांत रासेयोचा समावेश झाला असून तिच्यासाठी श्रेयांक मिळतात.