पोपटाची चोच वाढतेय? कापण्याआधी त्याच्या वाटीत काय आहे ते बघा

पाळलेल्या पोपटाची वरची चोच लांब होऊन गळ्याकडे वळू लागली, की घरात पहिला प्रश्न येतो तो ही कापायची कशी? मग नेलकटर, कानस आणि मोबाइलवरचे व्हिडिओ शोधले जातात. पण निरोगी पोपटाची चोच सहसा कापावीच लागत नाही. ती वारंवार वाढत असेल तर त्याचे मूळ बऱ्याचदा खाण्यात आणि त्या खाण्याने बिघडलेल्या यकृतात असते.

चोच कशाची बनलेली असते?

चोचीच्या आत हाड असते आणि त्यावर केराटिनचे कवच असते. आपली नखे आणि केसही केराटिनचेच असतात. नखांप्रमाणे हे कवच आयुष्यभर वाढत राहते. पोपट कठीण कवचाची फळे फोडतो, लाकूड कुरतडतो, वरची आणि खालची चोच एकमेकींवर घासतो. त्यामुळे जेवढी वाढ होते तेवढी झीजही होते. रात्री झोपण्याआधी येणारा कर-कर आवाज हा त्याच घासण्याचा असतो. त्यात काळजीचे काही नाही.

मात्र चोच म्हणजे निर्जीव नख नव्हे. कवचाखाली रक्तवाहिन्या आणि नसा असतात. टोकाजवळ तर स्पर्शाची जाणीव फार तीव्र असते. चोच हा पोपटाचा जणू तिसरा पाय असतो. चढताना, खाताना, पिसे साफ करताना तो तिचाच आधार घेतो.

चोच प्रमाणाबाहेर का वाढते?

याची मुख्य कारणे अशी:

• यकृताचा आजार. तेलबियांवर वाढलेल्या पक्ष्यांच्या यकृतात चरबी साठते. त्यानंतर चोच भराभर वाढते, ठिसूळ होते आणि तिचे पापुद्रे निघतात. कधी चोचीवर किंवा नखांवर काळसर डागही दिसतात.
• जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता. यामुळे चोच खडबडीत होते आणि तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात.
• माइट्स म्हणजे सूक्ष्म किडे. आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या बजरीगरमध्ये हा त्रास जास्त आढळतो. चोचीवर आणि नाकपुड्यांभोवती मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची खरपुडी दिसते.
• जुनी इजा, जन्मजात वाकडी चोच किंवा विषाणूजन्य आजार.

म्हणजे नुसती चोच कापली तर मूळ आजार तसाच राहतो. पक्षी आजार लपवतात, त्यामुळे चोचीतला बदल ही अनेकदा घरच्यांच्या लक्षात येणारी पहिली खूण असते.

सूर्यफुलाच्या बियांचे काय चुकते?

सोललेल्या सूर्यफूल बीच्या वजनात जवळपास निम्मी चरबी असते. तिच्यात जीवनसत्त्व 'अ' जवळजवळ नसते. कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असते. रानातला पोपट दिवसभर उडून अशी ऊर्जा खर्च करतो, पिंजऱ्यातला पोपट ती साठवतो.

बाजारात मिळणारे मिश्र दाणे दिले तरी प्रश्न सुटत नाही. पोपट त्यातल्या आवडत्या बिया वेचून खातो आणि बाकीच्या टाकतो. वाटीवर साचलेली टरफले पाहून घरच्यांना वाटते की वाटी भरलेली आहे.

मग खायला काय द्यावे?

बहुतेक पोपटांसाठी निम्म्याहून अधिक आहार पक्ष्यांच्या पेलेट्सचा असावा असे पशुवैद्य सुचवतात. त्यासोबत भाज्या, थोडी फळे आणि अगदी मोजक्या बिया द्याव्यात. पेलेट्स मिळत नसतील तर भाज्या, शिजवलेली कडधान्ये आणि धान्य यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

जीवनसत्त्व 'अ'साठी महाग पदार्थ लागत नाहीत. गाजर, लाल भोपळा, उकडलेले रताळे, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, पिकलेली पपई यांतून ते मिळते. हिरव्या-लाल मिरच्याही चालतात. मिरचीतल्या ज्या घटकाने आपली जीभ भाजते, तो पक्ष्यांना जाणवत नाही. पण मिरची, पेरू आणि भिजवलेली हरभरा डाळ एवढाच रोजचा आहार पुरेसा नाही.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन पिंजऱ्यात अडकवावा. पक्ष्यांच्या दुकानात तो 'कटलबोन' नावाने मिळतो. तो मऊ असल्याने चोच घासायला फारसा उपयोगी नाही. त्यासाठी पेरूची किंवा कडुनिंबाची, औषध न फवारलेली, सालीसकट फांदी चांगली. शरीरात कॅल्शियम शोषले जाण्यासाठी कोवळे ऊनही लागते. ते खिडकीच्या काचेतून आलेले चालत नाही. पिंजरा उन्हात ठेवताना त्याच्या एका भागात सावली मात्र हवी.

अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा-लसूण, खारवलेले पदार्थ आणि सफरचंदाच्या बिया देऊ नयेत. मनाने जीवनसत्त्वांचे थेंबही देऊ नयेत, कारण 'अ' आणि 'ड' जास्त झाले तरी अपाय होतो.

आहार एका दिवसात बदलू नका

बियांची सवय लागलेल्या पोपटाला नवे खाणे हे खाणे वाटतच नाही. बिया एकदम बंद केल्या तर तो उपाशी बसतो. लहान पक्ष्याच्या बाबतीत एक-दोन दिवसांचा उपासही जिवावर बेतू शकतो.

सकाळी भूक असताना आधी भाजी किंवा पेलेट द्या, बिया नंतर द्या आणि काही आठवड्यांत हळूहळू कमी करा. घरातल्यांनी समोर बसून तीच भाजी खाल्ली तर पोपटाला कुतूहल वाटते. या काळात स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी वजन करा. वजन दहा टक्क्यांनी घटले किंवा विष्ठा खूप कमी झाली तर आहारबदल थांबवून डॉक्टरांना विचारा.

घरी चोच का कापू नये?

आतली रक्तवाहिनी कुठे संपते ते बाहेरून नेहमी दिसत नाही. चुकीच्या ठिकाणी कापले तर रक्तस्राव होतो. ३०-४० ग्रॅमच्या बजरीगरला थोडे रक्त गेले तरी धोका असतो. चोच उभी चिरू शकते. शिवाय घट्ट धरून छाती दाबली गेली तर पक्षी गुदमरतो, कारण श्वास घेण्यासाठी त्याची छाती पुढे-मागे हलावी लागते. पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य चोच घासून आकार देतात आणि गरजेप्रमाणे रक्ततपासणी किंवा एक्स-रे करून कारण शोधतात.

डॉक्टरकडे लगेच कधी न्यावे?

चोचीतून रक्त येत असेल, ती तडकली असेल, खरपुडी धरली असेल, दाणे सोलता येत नसतील, पक्षी पिसे फुगवून बसून राहत असेल किंवा श्वास घेताना शेपटी वरखाली होत असेल तर थांबू नये. कॉकटीलच्या चोचीवरची पांढरट भुकटी मात्र नैसर्गिक असते. ती नाहीशी होऊन चोच चकचकीत दिसू लागली तर तपासणी करावी.

देशी पोपट घरात असेल तर?

गळ्यावर वलय असलेला हिरवा पोपट, पहाडी पोपट असे भारतीय पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. असा पोपट घरात असेल तर त्याला परस्पर सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला उडण्याची आणि अन्न शोधण्याची सवय नसते. महाराष्ट्रात वन विभागाशी संपर्क साधता येतो.

परदेशी प्रजातीचा पोपट असेल तर आजपासून दोन गोष्टी करता येतील. दर आठवड्याला त्याचे वजन लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा चोचीचा बाजूने फोटो काढा. डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर वाढ कधी सुरू झाली ते या नोंदींवरून कळेल.