मुलांचे बहिरेपण : श्रवणयंत्र की कॉक्लिअर इम्प्लान्ट?

- प्रतिनिधी

'याचा बापही उशिराच बोलायला लागला होता,' असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी आईची समजूत घालतात. मूल हसते-खेळते असते, माणसे ओळखते; त्यामुळे त्याला ऐकू येत नसावे, ही शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. दीड-दोन वर्षे अशीच निघून जातात. पुढे तपासणीत बहिरेपणाचे निदान होते आणि पालकांसमोर दोन पर्याय उभे राहतात : श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लान्ट. पहिले काही हजार रुपयांपासून मिळते, दुसऱ्यासाठी काही लाख रुपये लागतात. साहजिकच महाग तेच चांगले, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. ही दोन साधने वेगवेगळ्या प्रकारच्या बहिरेपणासाठी आहेत.

दोन्हींचे कार्य

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यातील सूक्ष्म केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करतात आणि श्रवणाची नस ते संदेश मेंदूपर्यंत पोहोचविते. श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. पुढचे काम शिल्लक राहिलेल्या केशपेशींनाच करावे लागते. या पेशी बहुतांशी निकामी झाल्या असतील, तर आवाज कितीही मोठा केला तरी शब्द स्पष्ट होत नाहीत.

कॉक्लिअर इम्प्लान्ट या पेशींना वगळून थेट नसेला संदेश देते. त्याचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग आवाज टिपून त्याचे संकेतांत रूपांतर करतो. आतला भाग शस्त्रक्रियेने कानामागे त्वचेखाली बसवितात आणि त्याची इलेक्ट्रोडची बारीक तार शंखाकृती भागात सरकवितात. श्रवणाची नसच तयार झालेली नसेल, तर इम्प्लान्टचा उपयोग होत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन व एमआरआय आवश्यक असते.

निवड कशी होते?

लहान मूल 'ऐकू येते' असे सांगू शकत नाही. त्यामुळे ओएई आणि बेरा या तपासण्या केल्या जातात. त्या वेदनारहित असून झोपलेल्या बाळावरही होतात. सर्वसाधारण संभाषणाचा आवाज सुमारे ६० डेसिबल असतो. सौम्य ते तीव्र बहिरेपणात श्रवणयंत्र हाच पहिला उपाय होय. ९० डेसिबलच्या पुढचे, म्हणजे अतितीव्र बहिरेपण दोन्ही कानांत असेल आणि योग्य श्रवणयंत्र काही महिने नियमित वापरूनही बोलणे ऐकू येण्यात प्रगती दिसत नसेल, तर इम्प्लान्टचा विचार होतो. तीव्र बहिरेपण असलेल्या काही मुलांनाही याच निकषावर इम्प्लान्ट सुचविले जाते.

मेनिंजायटिसनंतर आलेले बहिरेपण याला अपवाद आहे. त्यात अंतर्कर्णात हाड तयार होऊन इलेक्ट्रोडची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी तज्ज्ञ वाट पाहण्याऐवजी लवकर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. उलट, मधल्या कानात पाणी साचल्यामुळे कमी ऐकू येत असेल, तर औषधोपचाराने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने ते बरे होऊ शकते.

वयाचे महत्त्व

मेंदूतील भाषेची केंद्रे पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वाधिक वेगाने घडतात. या काळात आवाज पोहोचला नाही, तर ती उणीव पुढे भरून काढणे अवघड जाते. म्हणून एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाययोजना, असा संकेत जगभर मानला जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठी इम्प्लान्टला मान्यता दिली होती. ही वयोमर्यादा २००० मध्ये १२ महिन्यांवर आणि २०२० मध्ये ९ महिन्यांवर आणण्यात आली.

शस्त्रक्रियेनंतर

इम्प्लान्टची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन केली जाते. त्या कानात थोडेफार ऐकू येत असेल, तर तेही जाण्याची शक्यता असते. मेनिंजायटिसचा धोका लक्षात घेऊन न्यूमोकोकल लस दिली जाते. पुढील आयुष्यात एमआरआय करण्याची वेळ आली, तर इम्प्लान्टची माहिती आधी द्यावी लागते.

यंत्र सुरू होते ते साधारण दोन ते चार आठवड्यांनी. त्या दिवशी मूल एकदम बोलू लागेल, ही अपेक्षा चुकीची आहे. त्याच्या दृष्टीने तो ऐकण्याचा जन्मदिवस असतो. पुढे वारंवार 'मॅपिंग' म्हणजे संकेतांची जुळणी आणि काही वर्षे वाचा-भाषा उपचार घ्यावे लागतात. श्रवणयंत्र लावलेल्या मुलालाही या उपचारांची तेवढीच गरज असते. कान वाढतो तसा त्याचा साचा बदलावा लागतो. कोकण-मुंबईच्या दमट हवेत दोन्ही यंत्रे रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवलेली बरी.

यंत्र नीट चालते की नाही, हे रोज सकाळी घरीच पाहता येते. मुलाच्या मागे उभे राहून 'आ', 'ऊ', 'ई', 'श्', 'स्', 'म्' हे सहा ध्वनी नेहमीच्या आवाजात उच्चारावेत. रोज ओळखता येणारा एखादा ध्वनी मुलाने चुकविला, तर बॅटरी पाहावी. तरीही फरक पडला नाही, तर ऑडिओलॉजिस्टना भेटावे.

खर्च आणि मदत

इम्प्लान्टचा खर्च शस्त्रक्रियेबरोबर संपत नाही. बॅटऱ्या, वायरी आणि काही वर्षांनी बाहेरचा प्रोसेसर बदलणे, हे सारे पुढे असते. होकार देण्यापूर्वी याचा हिशेब मांडावा. केंद्र सरकारच्या 'ॲडिप' योजनेत श्रवणयंत्रांबरोबर २०१४ पासून इम्प्लान्टचाही समावेश आहे. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि जन्मतः बहिऱ्या मुलांना पाचव्या वर्षापर्यंतच लाभ मिळतो. इम्प्लान्टच्या कामासाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही मध्यवर्ती यंत्रणा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. जन्मजात बहिरेपणाची तपासणी त्यातही होते.

कोणतेही यंत्र बहिरेपण नाहीसे करीत नाही. यंत्र काढले की मुलाला पूर्वीसारखेच ऐकू येत नाही. काही मुलांना यंत्राचा पुरेसा लाभ होत नाही, तर काही कुटुंबे सुरुवातीपासूनच सांकेतिक भाषेचा मार्ग स्वीकारतात. तोही संपूर्ण भाषेचाच मार्ग आहे. मात्र मार्ग कोणताही असो, मुलाला पहिल्या वर्षांत कोणती ना कोणती भाषा मिळाली पाहिजे. थाळी वाजविल्यावर मूल दचकते, एवढ्यावर समाधान न मानता बेरा तपासणी करून घ्यावी. दोन यंत्रांतील निवड त्यानंतरच करता येते.